वजन तेच, मग ही रॅकेट जड का लागते?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण रोज सकाळी डबल्स खेळतो. माझी रॅकेट साधी, चार वर्षांपूर्वीची. एका मित्राने नुकतीच पंधरा हजारांची रॅकेट घेतली. दोन्हींवर ‘४यू’ असंच लिहिलेलं आहे. तरी त्याची रॅकेट मला जड लागते, माझा स्मॅश तिने उलट हळू जातो आणि नेटजवळ हात उशिरा वर येतो. दुसऱ्या मित्राची रॅकेट हातात नसल्यासारखी हलकी वाटते, पण तिने मागून मारलेला टॉस अर्ध्या कोर्टातच पडतो. हे खरंच घडतं, की सगळे मनाचे खेळ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खरंच घडतं. रॅकेटवरचा शिक्का एकूण वजन सांगतो. तुमच्या हाताला जाणवतं ते फिरवतानाचं वजन, आणि ही दोन वेगळी मापं आहेत.

आधी शिक्क्याचं पाहू. योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९. यूच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. म्हणजे ‘४यू’ शिक्क्याच्या दोन रॅकेटींतच जवळजवळ ५ ग्रॅमचा फरक असू शकतो. त्यावर तार आणि जादा ग्रिप यांची भर पडते. पण तुम्हाला जाणवलेला फरक एवढ्यावर संपत नाही. खरा मुद्दा आहे तो हे ग्रॅम रॅकेटमध्ये कुठे बसले आहेत, हा.

हातोडी दांड्याला धरून फिरवा आणि मग लोखंडाला धरून फिरवा. वजन तेच, कष्ट वेगळे. फिरणाऱ्या वस्तूचा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. मुठीपासून ६० सेंटिमीटरवर, फ्रेमच्या शेंड्याजवळ असलेला १ ग्रॅम हाताला जेवढा विरोध करतो, तेवढा करायला १० सेंटिमीटरवर ३६ ग्रॅम लागतील. म्हणून फ्रेमच्या वरच्या भागात दोन-तीन ग्रॅम जास्त असलेली रॅकेट तराजूवर सारखीच भरते आणि हातात मात्र जड लागते. तुमच्या मित्राची महागडी रॅकेट बहुधा अशीच हेड-हेवी आहे.

हे घरच्या घरी तपासता येतं. रॅकेट आडवी करून पट्टीच्या कडेवर तोला. ती जिथे स्थिर राहील तिथपासून मुठीच्या बुडापर्यंतचं अंतर मोजा. ढोबळमानाने २८५ मिलिमीटरच्या आत असेल तर हेड-लाइट, २८५ ते २९५ असेल तर समतोल आणि त्यापुढे हेड-हेवी. योनेक्सच्याच मालिका घेतल्या तर अ‍ॅस्ट्रॉक्स हेड-हेवी, नॅनोफ्लेअर हेड-लाइट आणि आर्कसेबर समतोल अशी साधारण विभागणी आहे.

मात्र या मोजणीने फसायला होतं. समजा, रॅकेट ९० ग्रॅमची आहे आणि तिचा तोल २९५ मिलिमीटरवर आहे. तिच्या मुठीवर ५ ग्रॅमची जादा ग्रिप गुंडाळली, की तोल सुमारे २८४ मिलिमीटरवर उतरतो. कागदावर हेड-हेवीची हेड-लाइट झाली! पण वरचा एकही ग्रॅम कमी झालेला नाही. वाढलेलं वजन तुमच्या मुठीतच आहे, रॅकेट जिथून फिरते तिथेच, त्यामुळे फिरवायला लागणारा जोर जवळजवळ तेवढाच राहतो. उलट फ्रेमच्या शेंड्यावर २ ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली, तर तोल फक्त ८ मिलिमीटरने वर सरकतो, पण फिरवण्याचा विरोध साधारण सात-आठ टक्क्यांनी वाढतो. तो फरक पहिल्याच रॅलीत जाणवेल. अशी पट्टी लावायला नियमांची आडकाठी नाही. बॅडमिंटनचे नियम रॅकेटची लांबी ६८० आणि रुंदी २३० मिलिमीटरपर्यंत बांधून देतात, वजन मुळीच बांधून देत नाहीत.

आता तुमचा हळू गेलेला स्मॅश. जड डोकं म्हणजे जोरदार स्मॅश, ही समजूत अर्धी खरी आहे. शटलचं वजन जेमतेम ५ ग्रॅम असतं, नियमानुसार ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला ढकलायला रॅकेटचं डोकं आधीच पुरेसं जड असतं. त्यात आणखी २ ग्रॅम घातल्याने मिळणारा फायदा थोडा, आणि डोक्याचा वेग कमी झाला तर होणारा तोटा मोठा, कारण शटलचा वेग डोक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो किंवा घटतो. ज्याचा खांदा आणि मनगट जड डोकंही तेवढ्याच वेगाने आणू शकतं, त्याला ते डोकं फळतं. ज्याचा वेग त्याने मंदावतो, त्याचा स्मॅशही मंदावतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

याचा एक लखलखीत दाखला आपल्याच खेळाडूने दिला आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर झाली. मलेशियाच्या तान बून हिओंगचा ४९३ किलोमीटरचा २०१३ पासूनचा गिनेस विक्रम त्याने मोडला. त्याच्या हातात नॅनोफ्लेअर १०००झेड होती, म्हणजे हेड-लाइट गटातली रॅकेट. मात्र यावरून हेड-लाइट घेतली की स्मॅश वाढला, असाही अर्थ काढू नका. सात्विकचा हात प्रचंड वेगाने फिरतो आणि त्या रॅकेटचा शाफ्ट अतिशय कडक आहे. तो शाफ्ट पेलणं आपल्यासारख्या सकाळच्या खेळाडूंना जमत नाही.

शाफ्ट म्हणजे मूठ आणि डोकं यांना जोडणारी काडी. हात पुढे आला, की डोकं क्षणभर मागे रेंगाळतं आणि शाफ्ट मागे वाकतो. मग तो सरळ होताना डोक्याला थोडा जादा वेग देतो. हे सरळ होणं आणि शटलला लागणं एका क्षणी जुळलं, तर फटका सहज सुटल्यासारखा वाटतो. कडक शाफ्ट झटकन सरळ होतो, पण त्याला वाकवायलाच वेगवान हात लागतो. हात मध्यम असेल तर तो वाकतच नाही, रॅकेट निर्जीव लागते आणि फटक्याचा सगळा भार खांद्यावर येतो. लवचीक शाफ्टचं उलटं. मध्यम हाताला तो मदत करतो, पण वेगवान हाताला उशीर करतो. डोकं सरळ होण्याआधीच शटल लागतं आणि दिशा चुकते. व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनच्या हातात दिसणारी अ‍ॅस्ट्रॉक्स १००झेडझेड हेड-हेवीही आहे आणि अतिशय कडकही. तो १९४ सेंटिमीटर उंच आहे आणि ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. त्याचा हात ज्याला हवा तेवढा वाकवतो, तो शाफ्ट आपल्या हातात लोखंडी सळईसारखा वागतो.

राहिला तो अर्ध्या कोर्टात पडणारा टॉस. शटल डोक्यामागे गेलं, पाय पोहोचले नाहीत, तर पूर्ण हात फिरवायला वेळ उरत नाही, फक्त मनगटाचा झटका देता येतो. अशा तोकड्या फटक्यात थोडं जड डोकं स्वतःच्या गतीने पुढे जातं आणि शटलला मागच्या रेषेपर्यंत नेतं. हलकं डोकं सगळा वेग तुमच्याकडेच मागतं. म्हणून हेड-लाइट रॅकेट बचावात, ड्राइव्हमध्ये आणि नेटजवळ आनंद देते आणि मागच्या कोपऱ्यात परीक्षा घेते. मोठे खेळाडूही या देवघेवीतून सुटलेले नाहीत. योनेक्सने डबल्ससाठी अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ काढली ती दोन रूपांत: मागून मारणाऱ्यासाठी ८८डी आणि नेटजवळ खेळणाऱ्यासाठी ८८एस. एकाच मालिकेची, एकाच कोर्टातल्या दोन जोडीदारांसाठी दोन रॅकेटी!

मग निवड कशी करायची? दुकानात हवेत फिरवून काही कळत नाही. मित्रांच्या रॅकेटी मागून घ्या आणि तुलना न्यायाची होईल असं पाहा. तिन्हींमध्ये तीच तार, तेच टेन्शन, तीच ग्रिप. कालच गटिंग केलेली, म्हणजे नवी तार भरलेली एक आणि सहा महिने जुन्या तारेची दुसरी यांची तुलना म्हणजे रॅकेटींची नव्हे, तारांची तुलना. शक्य असेल तर नाव आणि किंमत डोळ्यांआड जावी म्हणून फ्रेमवर चिकटपट्टी लावा. पहिल्या दहा मिनिटांवर निर्णय देऊ नका. नवेपणाच्या उत्साहात प्रत्येक रॅकेट चांगली वाटते.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तिची परीक्षा तुमच्या उत्तम स्मॅशवर घेऊ नका. पाय नीट पोहोचले, उडी वेळेवर बसली, तर कुठल्याही बऱ्या रॅकेटने स्मॅश बसतो. परीक्षा घ्या ती उशीर झालेल्या फटक्यांवर. बॅकहँडच्या कोपऱ्यातून कसाबसा परतवलेला टॉस मागे पोहोचला का? अंगावर आलेला स्मॅश नेटपलीकडे गेला का? चौघेही पुढे आले असताना सपाट ड्राइव्हच्या झटापटीत रॅकेट वेळेवर वर आली का? आणि तिसऱ्या गेमला, खांदा थकल्यावर, हेच सगळं पुन्हा जमलं का? गुण बहुतेक वेळा याच फटक्यांवर जातात. इथे जी रॅकेट तुम्हाला सांभाळून घेते, ती तुमची रॅकेट.

तुमच्या वर्णनावरून मी ४यू वजनाची, समतोल, मध्यम लवचीक शाफ्टची रॅकेट सुचवीन. रोजच्या डबल्सला ती पुढेही उपयोगी पडेल आणि मागेही.

प्रश्न : गटिंग करणारा विचारतो, “टेन्शन किती?” टीव्हीवरचे खेळाडू ३० पौंड ठेवतात असं ऐकून मीही २८ सांगितलं. आता आवाज छान येतो, पण शटल पुढे जात नाही. रॅकेट बदलू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रॅकेट ठेवा, टेन्शन बदला. शटल आदळल्यावर तार आत दबते आणि परत उसळते. सैल तार जास्त दबते, म्हणून कमी कष्टात जास्त उसळी देते, आणि शटल मधोमध लागलं नाही तरी फटका निभावून नेते. ताठ तार कमी दबते. शटल ज्या वेगाने आणि ज्या दिशेने पाठवायचं आहे तसंच जातं, पण वेग तुम्हाला स्वतः द्यावा लागतो आणि फटका नेमका मधोमध लागावा लागतो. आंतरराष्ट्रीय खेळाडू २८-३० पौंड किंवा त्याहून अधिक ठेवतात, कारण हे दोन्ही त्यांच्यापाशी आहे. नुकतंच शिकणाऱ्याने २० ते २२ आणि नियमित खेळणाऱ्याने २३ ते २५ पौंडांत राहावं. मधोमध लागलेल्या फटक्यांचं प्रमाण वाढलं, की एकेक पौंड वर जावं.

तारेची जाडीही पाहा. बीजी६५ सारखी ०.७० मिलिमीटरची तार खूप टिकते, पण तिची उसळी संथ असते. बीजी६६ अल्टिमॅक्स ०.६५ मिलिमीटरची आहे आणि तिचा आवाज खणखणीत, उसळी तेज असते, पण ती लवकर तुटते. मशीनवरून उतरल्या क्षणापासून तार सैल पडू लागते, रॅकेट पिशवीत नुसती पडून असली तरी. म्हणून तुटेपर्यंत वाट पाहू नका. नियमित खेळत असाल तर तीन-चार महिन्यांनी नवी तार भरा. पुष्कळांना रॅकेट जुनी झाल्यासारखी वाटते, ती खरी तर तार मेलेली असते. गटिंगच्या काहीशे रुपयांत जो फरक पडतो, तो कधी कधी पाच हजार जास्त देऊनही पडत नाही.

आणखी एक काळजी घ्या. खेळताना तार तुटली, की लगेच कात्रीने बाकीच्या तारा मधून बाहेरच्या दिशेने कापून टाका. एका बाजूचा ताण गेलेली फ्रेम तशीच ठेवली तर ती वाकते, कधी तडकतेही.

प्रश्न : मी नोकरीमुळे मुंबई आणि पुणे दोन्हीकडे खेळतो. तीच रॅकेट, तीच तार. मुंबईत फटके जड जातात आणि पुण्यात शटल कोर्टाबाहेर पडतं. असं का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : इथे रॅकेटचा दोष नाही, हवा आणि शटल बदलतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथली हवा थोडी विरळ असल्याने शटलला अडवते कमी. म्हणूनच पिसांच्या शटलच्या डब्यावर ७६, ७७, ७८ असे वेगाचे आकडे असतात. आकडा मोठा, तर शटल वेगवान. उंचावर किंवा उन्हाळ्यात लहान आकड्याचं, थंडीत मोठ्या आकड्याचं शटल घ्यायचं. बरोबर आकडा ओळखण्याची रीत नियमांतच दिली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोराने शटल मारायचं, ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे.

दमट हवेचा परिणाम पिसांवर होतो तसा मुठीवरही होतो. मुंबईच्या पावसाळ्यात घामाने ग्रिप निसटते, मग आपण नकळत मूठ आवळतो. आवळलेल्या मुठीतून मनगट मोकळं फिरत नाही, आणि फटके जड जाण्याचं ते मोठं कारण असतं. पावसाळ्यापुरती टॉवेल ग्रिप लावून पाहा. तिचं वजन थोडं जास्त असतं, पण ते मुठीत असल्याने रॅकेट फिरवायला जड होत नाही.

प्रश्न : माझं वय ५२. खेळल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. हलकी रॅकेट घेतली की थांबेल का? आणि दहा वर्षांच्या मुलीसाठी माझी जुनी रॅकेट चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुखणं टिकून असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. रॅकेट हे औषध नव्हे. पण दुखणं वाढवणाऱ्या गोष्टी कमी करता येतात. अतिशय कडक शाफ्ट, २६ पौंडांच्या वरचं टेन्शन आणि मापाला बारीक मूठ या तिन्ही कोपराला त्रास देतात. ४यू किंवा ५यू, लवचीक शाफ्ट, समतोल किंवा किंचित हेड-लाइट रॅकेट आणि २१-२२ पौंड असा मेळ ठेवा. मुठीच्या जाडीचा आकडा योनेक्समध्ये उलटा चालतो: जी४ जाड, जी५ त्याहून बारीक. बारीक मूठ घेऊन वरून ग्रिप गुंडाळत आपल्या हाताला बेतशीर करणं सोपं पडतं. रॅकेट हलकेच धरायची आणि शटल लागण्याच्या क्षणापुरती बोटं आवळायची, ही सवय मात्र रॅकेटीहून जास्त गुण देते.

मुलीला तुमची रॅकेट देण्याआधी ती हेड-हेवी किंवा कडक तर नाही ना, ते पाहा. दहाव्या वर्षी पूर्ण लांबीची रॅकेट चालते, पण ती ५यू, लवचीक आणि २० पौंडांच्या आसपास गटिंग केलेली असावी. जड डोक्याच्या रॅकेटने मुलं मनगटाऐवजी सगळा हात ओढायला शिकतात आणि ती सवय मोडायला वर्षं जातात.

प्रश्न : शेवटी किमतीचं विचारतो. महागड्या रॅकेटने खेळ खरंच सुधारतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एका टप्प्यापर्यंत, होय. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंडी शाफ्ट असलेल्या स्वस्त रॅकेटीवरून पूर्ण ग्रॅफाइटच्या रॅकेटीवर या, फरक पहिल्याच दिवशी कळेल. वजन कमी, शाफ्ट जिवंत आणि फ्रेम जास्त टेन्शन पेलणारी. ही उडी प्रत्येकाने घ्यावी. पण चांगल्या ग्रॅफाइट रॅकेटीच्या पुढे किंमत वाढते तशी रॅकेट अधिक चांगली होतेच असं नाही, ती अधिक विशिष्ट होते. शाफ्ट जास्त बारीक आणि कडक, फ्रेम हवा कापणारी, तोल एकाच प्रकारच्या खेळाकडे झुकलेला. तो प्रकार तुमचा असेल तर पैसे सत्कारणी लागतात, नसेल तर पंधरा हजारांत अडचण विकत घेतली जाते.

सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगॉर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ मध्ये बॅडमिंटनमधला पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांनाच मिळाला. तो जमाना लाकडी फ्रेमचा. दमट हवेत ती फ्रेम वाकू नये म्हणून खेळून झाल्यावर रॅकेट स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. आजच्यापेक्षा कितीतरी जड अशा त्या रॅकेटीने नाटेकर नेटजवळचे नाजूक फटके असे खेळत, की त्यांच्या खेळातली नजाकत अजून सांगितली जाते. ग्रॅफाइटने खेळाचा वेग वाढवला, नव्या पिढीला बळ दिलं, हे निर्विवाद आहे. पण शटल कुठे टाकायचं हे ठरवणारा हात सरावानेच घडतो.

म्हणून पैशांची वाटणी अशी करा. आधी स्वतःच्या हाताला जुळणारी एक बरी ग्रॅफाइट रॅकेट. मग वेळच्या वेळी गटिंग. मग एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडे थोडे दिवस पायांच्या हालचालींचा सराव, कारण पाय वेळेवर पोहोचले तर उशिराचे फटकेच कमी होतात. एवढं करूनही पैसे उरले, तर महागडी नवी रॅकेट न घेता तुमचीच दुसरी प्रत घ्या. तेच मॉडेल, तेच वजन, तीच तार, तेच टेन्शन. मोठे खेळाडू अशाच सारख्या रॅकेटींचा संच घेऊन कोर्टवर उतरतात. ऐन सामन्यात, १९-१९ वर तार तुटली, तरी हाताला नवं काही शिकावं लागत नाही.